दानेश्वरीच्या हातचा वास

तपासायला नळाचं पाणी कशाला घेतासा म्युन्सिपाल्टीचं पावणं, हंड्याचं घ्या की बाटलीत! वास नळाला न्हाय, हंड्याला हाय — म्हंजे हुता. माझ्या सुनेच्या हातचा. दानेश्वरी तिचं नाव. आमच्यात पूजेचं पाणी सुनेनं न्हाऊन, कुणाला न शिवता भरायचं असतंय — मडी म्हणतो आम्ही. पर चंदगडची पोरगी, भाताच्या चिखलात वाढलेली, तिला कुठली मडी? चैत्रात एक दिवस घोट घेतला आणि थू! ढेकूळ चघळल्यागत वास. मनाशीच म्हटलं, महादेवी, ही बया शिवाशिव करूनच पाणी भरतीय. मग घासायला लावला की हंडा — चिंच लावून, राख लावून, मी समोर खुर्ची टाकून बसायची. घास, भर, वास आला की परत घास. बोटांची सालटी निघाली तर म्हणती कशी, ‘अत्ती, नळालाच वास येतोय हो.’ मला, सासूला, तोंड वर करून! नाचता येईना अंगण वाकडं. बसवजयंतीला बायका जमल्या, तवा सगळ्यांच्या म्होरं त्या पाण्याचा तांब्या तिलाच प्यायला लावला. शेजारची शालूबाई पयल्यांदा हसली, मग समद्या हसल्या. शालूबाईच्या नळाला बी येत असणार वास, पर हसायला काय जातंय? रडत रडत पिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी माहेरी घालवली.

काय म्हणतासा? मातीतलं बारीक जंतू? उन्हाळ्यात पाणी आटलं की वाढत्यात, आणि त्येंचा वास? बाधत बी न्हाय? अख्ख्या राजारामपुरीला येतोय?

येतोय ते ठाव हाय मला. ती गेल्यापासनं मीच भरते की पाणी, मडीनं — तसाच वास. म्हणून सोमेशच्या तांब्यात वेलदोडा कुटून टाकते. दिवसभर कागलला कारखान्यावर असतोय, राती जेवताना पितोय आणि म्हणतोय, ‘आई, गेला बघ वास.’ भोळा हाय माझा लेक. तिचा फोन आला की मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवते. — असं बघू नका माझ्याकडं. लगीन झाल्यापासनं कामावरनं आला की पयला सैपाकघरात तिच्याकडं जायचा, मी हितं सोफ्यावर भुतागत बसलेली. आता माझ्याजवळ बसून जेवतोय.

रिक्षा फिरवणार? भोंगा लावून ह्या वासाचं समद्यास्नी सांगणार? उद्याच? न्हाय न्हाय, उद्या नको! उद्या हितं बैठक हाय. तिचा बाप सकाळच्या एस्टीनं येतोय, फारकतीला. माझा भाऊ चन्नाप्पानं समदं ठरवलंय. सोमेशच्या कानावर तुमचा भोंगा पडला तर तो सही करायचा न्हाय, वळखते मी त्येला. परवा फिरवा. न्हायतर बाकीच्या गल्ल्या करा, ही तेवढी गाळा — काय? तिला परत आणा? तुमच्या घरची सून हाय व्हय ती? शाना हाईस! बाटली भरली न्हवं? बूच लावा आणि उठा. आणि हे बघा, जिन्यात सोमेश भेटला तर मीटर बघाय आलतो म्हणायचं.