उतारावरची बडबड

मी मूळचा टोकावड्याकडला, कुणब्याच्या घरातला, शेतात भात नि नाचणी, पण मला यंत्राचं येड, म्हणून शहापुरात आलो नि मोटारी धूत धूत डायवर झालो. लढाईच्या टायमाला शहापूर-मुरबाड सर्विस मोटार मी हाकायचो नि क्लीनर होता गोपाळ, माझ्या बायकोचा पाठचा भाऊ, कामाला चोख.

आता डायवरच्या बाजूची शीट ती वाटेवरल्या एका गावच्या पाटलाची, तो चढंपर्यंत गाडी हलायची नाय, नि चढला का त्याचं तोंड चालू, याची उणीदुणी, त्याची उणीदुणी, काय सांगू तुमाला, कान किटायचे. नि त्या जुन्या गाडीचा गिअर तर कानानंच टाकायचा, इंजिनाचा आवाज आयकून, नायतर खरखर करतो नि पडतच नाय.

एक दिस सापगावच्या उतारावर ब्रेक गेला. पाय दाबला तो खाली फळीलाच टेकला नि म्होरं नदी. मी बोललो, कोणी बोलू नका, मला खालचा गिअर टाकायचाय, त्यानंच गाडी आवरंल. तर पाटील बोलतो, अरे हारन वाजव, देवीचं नाव घे, नि मागची माणसं पण तशीच, कोणी बोलतं डावीकडं घे, कोणी बोलतं उजवीकडं. गिअर दोनदा फसला. गोपाळ चाकाखाली टाकायचा ठोकळा घेऊन पायरीवरून उडी मारून उतरला नि गाडीच्या बाजूनं धावत मला कायतरी वरडून सांगत होता, त्याचंच आयकायला पायजे होतं, नि तवाच पाटलानं कनवटीची पुडी सोडून देवीचा अंगारा स्टेरिंगवर फेकला. वाऱ्यानं सगळा माझ्या डोळ्यात.

मला कायच दिसंना. गाडी दरडीला घासली तर थांबंल म्हणून मी डावीकडं वळवली, नि थांबली. गोपाळ त्याच बाजूला होता.

माणसं उतरली ती पाटलाच्या पाया पडायला. अंगाऱ्यानं तारलं म्हणं. गोपाळ गाडी नि दरडीच्या मधी तसाच, नि हे बोलतात नारळ कधी फोडायचा. मला शिसारी आली त्या माणसांची, आजही येते, त्यांच्या हातचं पाणी नाय पीत मी. देवीवर राग नाय माझा, तिनं कुठं सांगितलं होतं डायवरच्या डोळ्यात टाक म्हणून.

गाडी सोडली मी, आता शेतीच बघतो. बायकोनं मला कधी बोल लावला नाय. फक्त कधीमधी जेवण वाढताना इचारते, माझा भाऊ तवा वरडून काय सांगत होता हो. दरवेळी तेच सांगतो मी, आयकू नाय आलं गो.