उरलेली दोन हजार लेबलं

अध्यक्षांच्या खुर्चीत मघापासून घड्याळ बघत बसलेले खात्याचे मोठे साहेब, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताचे पाहुणे, प्रयोगशाळेतली तरणी मंडळी, आज हार घेऊन आलेले पण एरवी या बाईंच्या टेबलापाशी घाम पुसत उभे राहणारे माझे सगळे उत्पादक भाऊबंद, आणि मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या लेबलवाल्या बाई, तुम्हा सगळ्यांना या म्हातारीचा नमस्कार.

मला उत्पादकांच्या वतीने चार मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी कानात सांगितलं, "आजी, जरा गोड बोला." आता गोडावरूनच तर आमचं सगळं रामायण झालं, ते यांना कुठे ठाऊक?

या बाईंनी तीस वर्षं काय केलं, हे आधीच्या वक्त्यांनी मोठमोठ्या शब्दांत सांगितलं. मी चौथी शिकलेली, मला समजलं तेवढं सांगते. पाकिटावर आपण जे लिहितो, ते आत आहे का, एवढंच या बाई बघतात. ऐकायला सोपं वाटतं. पण लग्नाच्या स्थळाची माहिती कुणी अशी तपासली असती, तर या सभागृहात निम्मे लोक बिनलग्नाचे बसले असते.

माझा धंदा बिस्किटांचा. ओट्स, तीळ, खजूर आणि मध. मालक गेले, मुलगा दूर, म्हटलं हात रिकामे कशाला ठेवा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक भट्टी, आणि पाकिटं चिकटवायला माझी धाकटी जाऊ. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, जांभळी साडी. मी आज या बाईंची बिनपाण्याने करणार, असं समजून ती मुद्दाम पुढे येऊन बसली आहे. बस, धाकटे, बस.

तर लेबल. नातीने संगणकावर चित्र काढलं, मजकूर मी सांगितला. हाडं बळकट करतात. सांधेदुखीवर गुणकारी. साखरमुक्त, मधुमेहींनी निर्धास्त खावं. नात म्हणाली, "आजी, केस काळे होतात तेही घालू का?" मी म्हटलं, नको, लोकांना खोटं वाटेल.

बाईंनी बोलावलं. समोर पाकीट ठेवलं आणि विचारलं, "याला आधार काय?" म्हटलं, "मी आहे ना. सत्तर वर्षांची आहे, रोज चार बिस्किटं खाते, मांडी घालून बसते." या म्हणाल्या, "तुम्ही एकट्या आहात, आजी." म्हटलं, "ते तर मला मालक गेल्यापासून ठाऊक आहे." बाई हसल्या नाहीत. या टेबलापाशी हसत नाहीत, घरी जाऊन हसत असतील.

मीही हट्टाला पेटले. वस्तीतल्या वीस बायका धरल्या, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. दहाजणींना माझं बिस्किट, दहाजणींना दुकानातलं साधं. कुणाला कुठलं ते सांगायचं नाही, हे बाईंनीच समजावलं होतं. तीन महिने रोज वाटप. शेवटी दहाच्या दहा जणी म्हणाल्या, आराम आहे. मी कागद घेऊन नाचत आले. बाईंनी विचारलं, "आणि दुसऱ्या दहा?" म्हटलं, "त्यांनाही आराम आहे." मग बाईंनी विचारलं, "वाटप कुठे करत होतात?" म्हटलं, "आमच्याकडेच, तिसऱ्या मजल्यावर." "लिफ्ट?" म्हटलं, "वर्षभर बंद आहे." बाई म्हणाल्या, "मग आजी, दावा जिन्याचा करा."

आता जिना पाकिटात कसा भरायचा? गुडघ्यांची ओळ मी निमूट खोडली.

राहिली साखर. मी म्हटलं, साखरेचा दाणा जरी सापडला तर भट्टी विझवते. बाई म्हणाल्या, "मध आणि खजूर पोटात गेल्यावर काय होतं, असं वाटतं तुम्हाला? त्याचे ओट्स होतात?" तपासणी झाली. शंभर ग्रॅममध्ये एकतीस ग्रॅम साखर. पत्र आलं. हे लेबल तात्काळ बंद करावं, माल बाजारातून परत घ्यावा. पोच म्हणून मी सही केली. छान सही येते मला.

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. मी कितीतरी लग्नकार्यांत ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं आहे, आणि दरवेळी इथेच थांबले आहे.

पाणी आहे का? द्या.

त्या दिवशी घरात दोन हजार लेबलं उरली होती. चांगली रंगीत, गुळगुळीत. छापलेलं फेकायचं कसं, असं मला वाटलं. पत्र डब्याखाली ठेवलं, आणि लेबलं संपेपर्यंत चिकटवायची ठरवलं. चिकटवत होती ही धाकटी. तिला पत्राचं काही सांगितलं नाही. तिला बारा वर्षांचा मधुमेह. आयुष्यभर गोडाला पारखी झालेली बाई, आता घरचंच साखरमुक्त बिस्किट, तेही थोरलीच्या हातचं. दिवसाला आठ-दहा खायची. मी बघत होते. मनात म्हणायचे, मधच तर आहे.

सहाव्या आठवड्यात ती न्हाणीघरात पडली. पाच दिवस दवाखान्यात. डॉक्टर विचारतात, गोड काय खाता? ही शपथेवर सांगते, काही नाही. उशाशी माझंच पाकीट.

डॉक्टरांनी खात्याला कळवलं आणि बाई आमच्या दोन खोल्यांत आल्या. जिना चढून आल्या, धाप लागली होती, पण पाणी घेतलं नाही. मी म्हटलं, "मला वाचता येत नाही हो, बाई." त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "मग हे कुणी लिहिलं?" म्हटलं, "मीच." "पत्र मिळालं होतं?" "हो." त्यांनी तेवढं लिहून घेतलं, भट्टीला सील लावलं आणि गेल्या. तीन महिने कारखाना बंद.

धाकटी घरी आली तेव्हा भट्टी थंड. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "त्या लेबलवालीच्या डोळ्यांत आपला धंदा खुपतो." एवढंच म्हटलं. पुढचं तिने स्वतः रचलं. आमची धाकटी बोलायला लागली की कावळेसुद्धा वाट बदलतात. दुसऱ्या आठवड्यात ती या बाईंच्या कचेरीत गेली आणि पन्नास माणसांदेखत त्यांना कैदाशीण म्हणाली, गरिबाच्या तोंडचा घास काढणारी म्हणाली. वस्तीत तेच नाव पडलं. सहा वर्षं तेच चाललं आहे. इथल्याही काहीजणांनी माना डोलावल्या आहेत, मला नावं सांगायला लावू नका.

बाईंच्या कपाटात माझ्या सहीचं पत्र होतं. काढून तोंडावर मारता आलं असतं. दोन वर्षांनी मी एकदा विचारलंही, "का नाही दाखवलंत?" मला वाटलं, काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील. या म्हणाल्या, "तुमच्या फाइलमधलं दुसऱ्याला सांगायची मला परवानगी नाही, आजी. तुम्हाला आहे."

मोठं मन वगैरे काही नाही, मंडळी. नियम. पण ते वाक्य मला चार वर्षं झोंबतं आहे. आज या घरी जाणार, उद्यापासून यांचं नाव निघेल ते आमच्या धाकटीने ठेवलेलंच निघेल. म्हणून सांगितलं. या बाईंनी आमचा धंदा बुडवला नाही. त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. धाकटे, तुला या बाईंनी आजारी पाडलं नाही, मी पाडलं.

उठलीस ते दिसलं मला. जाऊ द्या हो तिला, वाट द्या.

आभार मानायचे राहिले. बाई, तुम्ही तीस वर्षं आम्हाला खरं लिहायला लावलंत, त्याबद्दल उत्पादकांच्या वतीने आभार. ते मनापासून मानतात की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही. आता घरी आरामात बसा, आणि नातवंडांच्या खाऊच्या पाकिटांवरचं वाचत बसू नका. वाचालच म्हणा.

चार मिनिटांची दहा झाली, तोंडून काही वावगं गेलं असेल, तेवढं सभागृहाने पोटात घालावं. दुसरं जे आहे, ते माफ करणं तुमच्या कुणाच्या हातात नाही. ती बाहेर पाणी प्यायला गेली की घरी निघाली, ते मला इथून दिसत नाही. तुमचं चालू द्या. मी जाऊन बघते.