दीपकचा शेवटचा अभिप्राय

नाही गो वेदिका, मी टाळत नाही. फाईल इथंच आहे, या कपाटात, काढायला दोन मिनिटं लागणार नाहीत — पण तू आधी सरबत घे. दापोलीहून एसटीत एवढी हादरत आलीस, तेही या उन्हाचं, आणि आल्या आल्या कागद मागतेस. बापावर गेलीस. दीपक असाच, दारात चपला काढायच्या आत विषयावर यायचा. तर स्मृतिग्रंथ काढताय तुम्ही. चांगलं आहे, व्हायलाच हवा. भाषांतर शिकवणारे आम्ही पुष्कळ, पण ते कुणासाठी करायचं हे विचारणारा तो एकटाच होता या जिल्ह्यात. आणि त्यात बाबांचं शेवटचं लिखाण म्हणून तुला तो अभिप्राय हवा. आमच्या ‘उभयभाषा’ नियतकालिकात शेवटच्या पानावर परीक्षकांची नावं छापतो, आभार म्हणून, तिथं तुला त्याचं नाव दिसलं — हो, ती यादी मीच केली. गाळलं असतं नाव तर कुणी विचारायला आलं नसतं. पण त्याचं नाव गाळायला हात होईना.

गाळायचं कशाला, म्हणजे? काही नाही, आपलं बोललो. बघ, आमचं काम कसं चालतं सांगतो तुला. लेख आला की संपादक म्हणून मी लेखकाचं नाव काढायचं, दोघा जाणकारांकडे पाठवायचा. लेख कुणाचा ते त्यांना कळू द्यायचं नाही, तपासला कुणी ते लेखकाला कळू द्यायचं नाही. दोघं हो म्हणाले तर छापायचा, एक हो आणि एक नाही झालं तर तिसऱ्याला दाखवायचा. हे झालं नियमाचं. प्रत्यक्षात प्राध्यापक मंडळी लिहितात होय? महिना महिना लेख उशाशी घेऊन झोपतात आणि मग फोन करतात — सखाराम, लेख बरा आहे, संदर्भ नीट करायला सांग, छापून टाक. झाला अभिप्राय. मग मी बसायचं, त्याचा दीड पानी मजकूर करायचा आणि खाली त्यांचं नाव घालायचं. बावीस वर्षं असंच केलं. कुणी हरकत घेतली नाही, उलट सुटलो म्हणायचे. दीपकचाही तसाच, फोनवरचा. म्हणून म्हणतो, ग्रंथात नको घालूस. त्यातली भाषा त्याची नाही, माझी आहे.

भाषा नसली तरी मत त्यांचंच ना? — मत. हो. आता मत म्हणजे... तू पी ना ते, कोमट होतंय.

लेख कुणाचा होता ते सांगू नये खरं तर. पण आता लपवून कुणाचं भलं होणार आहे? ज्ञानेश्वरी नावाची मुलगी, पूर्णगडची, घरी मासेमारी. इथल्या एका दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर बाहेरचे, त्यांचं बोलणं गावच्या बायकांना कळत नाही, बायकांचं डॉक्टरांना कळत नाही, मग मध्ये ही उभी राहायची. त्यावरच पीएचडी करत होती. एक लेख छापून आल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, म्हणून आमच्याकडे पाठवलान. आणि काय केलं होतंन माहीत आहे? साखरेच्या आजाराची एक पुस्तिका आहे, इंग्रजीतून मराठीत आणलेली, सगळ्या दवाखान्यांतून वाटतात. ती चाळीस बायकांना वाचून दाखवलीन आणि प्रत्येकीला म्हणाली, आता हेच मला तुझ्या बोलीत सांग. चाळिसातल्या तिघींना सांगता आलं. बाकीच्या नुसत्या मान हलवत होत्या. ‘तळपायांचे नित्य निरीक्षण करावे, संवेदना क्षीण झाल्यास तज्ज्ञांशी संपर्क साधावा’ — काय करायचं त्या चाळिसातल्या गोदूबाईनं त्याचं? ती हो हो म्हणाली आणि घरी गेली. पायाला जखम झालेली तिला कळली नाही, शेवटी अंगठा काढावा लागला. सगळं तारीखवार लिहिलं होतंन पोरीनं. कुठं त्रागा नाही, कुणावर चिखल नाही. भाषांतरकाराचं नावसुद्धा घातलं नव्हतंन. पुस्तिकेवर नावच नाही ना, तिला कुठून कळणार.

मला कळलं. ते वाक्य मी केलं होतं. ‘क्षीण’ शब्द सुचला तेव्हा किती खूश झालो होतो मी, दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत होतो. दीपकलाही ऐकवला. तो म्हणाला, सखाराम, हे वाचणार कोण? मी म्हटलं, तुला मत्सर वाटतो.

पहिल्या परीक्षकानं छापा म्हणून कळवलं. दुसरा दीपक. त्याचं दुखणं एवढं वाढलंय हे मला ठाऊक नव्हतं गो, शपथ घेऊन सांगतो. तो फोनवर बोलला थोडंसंच, आवाज पार खोल गेलेला, मला नीटसं ऐकूच आलं नाही, म्हणून मग मी अंदाजानं —

काय?

फोन तू धरला होतास.

त्याच्या कानाशी. हां. म्हणजे तू ऐकलंसच. मग मघापासून मला बोलू का दिलंस?... बरोबर आहे, तू कशाला थांबवशील. तर ऐकू आलं होतं मला. स्वच्छ. ‘छाप, एक अक्षर बदलू नकोस, हे आपल्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.’ असंच ना? आणि मग त्याला खोकला आला आणि फोन बंद झाला. मी इथंच या टेबलाशी बसलो आणि दीड पान लिहिलं. लेखिकेचा अभ्यास तोकडा आहे, सैद्धांतिक बैठक नाही, चाळीस अडाणी बायकांच्या उत्तरांवरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे, प्रस्तुत लेखन स्वीकारार्ह नाही. आणि खाली त्याचं नाव. तिसऱ्याला दाखवायचा तोही दाखवला नाही. चार दिवसांनी दीपक गेल्याचं कळलं, आणि खोटं कशाला बोलू, रडायच्या आधी मला हायसं वाटलं. आता विचारायला कुणी उरलं नाही म्हणून. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुझ्या बाबानं जन्मात कुणा बाईला अडाणी म्हटलं नसेल. आणि तू ते पान ग्रंथात घालायला निघाली होतीस, शेवटचं लिखाण म्हणून.

तिचं काय झालं? तेच सांगवत नाही. मलाही आता साखर निघाली. गेल्या महिन्यात तपासायला गेलो, तर ही समोर उभी. ओळखलंन मला, सभेत कुठंतरी पाहिलं होतंन, सर सर करत खुर्ची दिलीन. माझे पाय हातात घेऊन बघितलेन, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. म्हणाली, सर, रोज रात्री असं बघायचं, दिसत नसेल तर आरसा धरायचा, कुठं काही दिसलं तर दुखत नसलं तरी यायचं — आता मला सांगा बघू, काय काय करायचं? मी सांगायला गेलो आणि त्या बायकांसारखी नुसती मान हलवली. तिला वाटलं, म्हातारा घाबरला. पुन्हा सगळं समजावलंन. मग मीच विचारलं, तुझ्या पीएचडीचं कुठवर आलं? तर हसून म्हणते, सोडली सर. तुमच्या दुसऱ्या परीक्षकांनी बरोबर लिहिलं होतं, माझा तेवढा वकूब नव्हता, त्यांनी वेळेवर सांगितलं ते बरं झालं. रागावली असती तर मला सोसलं असतं. तिनं ते खरं मानलंन गो.

आणि मी काय केलं? काही नाही. पाय मोज्यात घातले आणि घरी आलो.

हे घे ते पान. नको ना? मलाही नकोय. बघ, पुढच्या अंकात मी सगळं छापतो — अभिप्राय बनावट होता, दीपकचा त्याच्याशी संबंध नाही, लिहिणारा मी, ती पुस्तिकाही माझी. तिचा लेख छापतो, तिला वाटलं तर. आमच्याकडे नको म्हणाली तर म्हणू दे, तिचा हक्क आहे. तिला पत्रही लिहितो. सवडीनं लिहितो, नीट शब्द जमवून. तू नीघ आता, तुझी गाडी चुकेल.

उठत का नाहीस?

आत्ता? पत्र आत्ताच लिहायचं? असं कर, तो कागद पुढं ओढ, मी सांगतो आणि तू लिही, अक्षर तरी — नाही? मीच लिहायचं.

बरोबर आहे तुझं. बस मग. पण आता माझ्याकडे बघू नकोस.