अर्जातली पहिली ओळ

मूळ मी मोडनिंबचा. शिक्षण सहावीपर्यंत, पुढचे सोलापुरात कचेरीच्या फाटकाशी पेटी मांडून झाले, आणि ते कुणा पदवीधराच्या नशिबी नाही, हे मी स्पष्ट सांगतो. वीस वर्षे अर्ज लिहितो. अर्जाची एक रीत असते. आरंभी साहेबांचे आभार, त्यांच्या कृपेने सर्व क्षेमकुशल, आणि मग मागणी. अक्कलकोटकडचा म्हातारा कानडीत रडतो, ते रडणे मी मराठीत असे बसवतो की साहेब आधी सुखावतो, मग सही करतो.

पण दुखण्याचे विचारलेत. काय सांगू तुम्हाला, दिवसातून दहा-बारा वेळा परसाकडे, रक्त आणि शेंब, अशी दोन वर्षे. जो तो म्हणे आव आहे, बेलफळ खा. सदर अर्जदार एवढे लिहून मी पेन ठेवून पळायचो, आणि समोरचा हाका मारायचा, अण्णा, अर्जदाराचं पुढं काय झालं? अखेर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिले, म्हणाल्या, आव नव्हे, मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. पिवळ्या गोळ्या दिल्या. लघवी नारिंगी झाली तसा मी घाबरून धावलो, तर हसल्या, म्हणाल्या, गोळीचाच रंग तो, काका. काही महिन्यांत रक्त थांबले. तेव्हा बजावले त्यांनी, बरं वाटलं तरी सोडायची नाही, वर्षानुवर्षे घ्यायची, गोळी आहे म्हणून आतडं शांत आहे.

मग बाईंची बदली झाली. औषधाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, गोळ्या चालू हव्यात तर लेखी अर्ज आणा. मला म्हणतो, अर्ज आणा. मी आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज लिहिला. आपल्या दवाखान्याच्या कृपेने अर्जदार पूर्ण बरा झाला असून आजन्म ऋणी आहे, ही पहिली ओळ. खाली, गोळ्या चालू ठेवण्याची नम्र विनंती. आठ दिवसांनी अर्ज परत. पहिल्या ओळीखाली लाल रेघ, समासात शेरा, रुग्ण बरा, औषध बंद. म्हटले, अहो, ती रीत आहे, खाली वाचा. तो म्हणाला, तुम्हीच लिहिलंय की. सरका.

अर्ज पूर्ण वाचायचा असतो की पहिली ओळ वाचून फेकायचा, हे मी आजही विचारतो. महिना-दीड महिन्यात रक्त पुन्हा सुरू. मी कारकुनाला शिव्या देत पडलेलो, आणि बायको उशाशी बसून म्हणते, अवो, जगाचे लई गोड अर्ज लिवले, आता सोतासाठी एक खरा लिवा की. तिचाही राग आला. पण उठलो.

चारच ओळी लिहिल्या. अर्जदार आजारी आहे. गोळीने दुखणे दबते, सोडली की उठते. ते मुळापासून जात नाही. गोळ्या द्याव्यात. कृपा नाही, ऋण नाही. इतका बोडका अर्ज मी वैऱ्याच्याही नावे लिहिला नसता. स्वतः नेऊन दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, नजर वर केली, आणि सही केली.

तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. बाई जिथे असतील तिथे सुखात राहोत. दर महिन्याला मी त्याच खिडकीशी उभा राहतो, अंगातले रक्त अंगातच राहते, पेटीवर सबंध दिवस बसतो, आणि तोच कारकून विचारतो, काय अण्णा, बरे ना? आपल्या कृपेने, हे शब्द ओठावर येतात, वीस वर्षांची सवय आहे. ते गिळतो आणि म्हणतो, नाही. बरा नाही. गोळ्या द्या.