मालनबाईंची पहिली काचपट्टी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले अधीक्षक आदरणीय मोहनराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, रुग्णालयातले माझे सहकारी, आणि गेवराई-माजलगावहून एवढ्या उन्हात आलेले आप्तेष्टहो,

मोहनरावांनी आत्ता माझ्या कर्करोगाच्या संशोधनाचं फार कौतुक केलं. "ज्योत्स्नाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही," असं ते म्हणाले. आपण टाळ्याही वाजवल्या. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून काढली. मान आता सरळ होत नाही, आणि खरं सांगायचं तर मी दमले आहे. पण ते वाक्य तसंच घेऊन घरी जाणं मला जमणार नाही.

ते संशोधन काय होतं? स्तनाचा कर्करोग झालेल्या एकशे सत्त्याऐंशी बायकांचे जुने नमुने आम्ही पुन्हा तपासले. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं टिकतो. त्यातल्या पेशी कशा होत्या आणि ती बाई पुढे किती जगली, हे ताडून पाहायचं. म्हणजे पुढच्या बाईचा आजार कसा वागेल, याचा अंदाज आधीच येतो.

त्यात धारूरकडच्या मालनबाईंच्या पहिल्या तपासणीची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी हाती आली. सुईनं काढलेला तो तुकडा पूर्वी मीच पाहिला होता आणि 'कर्करोग नाही' असं लिहून सही केली होती. चौदा महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा आजार काखेत पोचला होता. दोन वर्षांत त्या गेल्या. संशोधनासाठी पुन्हा पाहिलं, तर पट्टीच्या अगदी कडेला पेशींचा लहानसा पुंजका. कर्करोगाचाच. पहिल्या दिवसापासून तिथंच होता.

शेजारी आपले डॉ. पवन होते. त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "मॅडम, ही एक केस वगळली तरी निष्कर्ष बदलत नाहीत."

खरंच बदलत नव्हते. मलाही क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते.

मग तेव्हाच्या अधीक्षकांना लेखी कळवलं आणि धारूर गाठलं. मालनबाईंचे यजमान माणिकराव ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"तवाच कळलं असतं, तर वाचली असती का ती?"

"नक्की सांगता येत नाही. पण संधी खूप जास्त होती."

"मंग आता कावून सांगायला आलात, बाई?"

याचं उत्तर मी सगळ्या रस्त्यात जुळवत आले होते. प्रत्यक्षात "चूक माझी होती. माफ करा," एवढंच म्हणाले.

ते उठून आत गेले. मी निघावं की थांबावं? थांबले. बाहेर आले ते मुलीला घेऊन. वैष्णवी, सव्वीस वर्षांची.

"हिला बी गाठ हाय. दीड महिना झाला. आईचं बघून दवाखान्याचं नाव काढू दीना."

"मी दुसऱ्या चांगल्या डॉक्टरांकडे पाठवते," मी म्हणाले.

"न्हाई. तुमीच बघा. पन एकट्या बघू नका. दोघांनी बघा."

आम्ही दोघांनी पाहिलं, पवननी आणि मी, वेगवेगळं. कर्करोगच होता, पण गाठ लहान आणि काख स्वच्छ. उपचार झाले. या गोष्टीला चार वर्षं झाली. वैष्णवी बरी आहे, तपासणीला येते. माणिकराव सोबत येतात, बाहेर बाकावर बसतात. माझ्याशी बोलत नाहीत.

तेव्हापासून आपल्याकडे 'कर्करोग नाही' असा अहवाल दोन सह्यांशिवाय बाहेर जात नाही. या चार वर्षांत अशा सहा बायका दुसऱ्या नजरेला सापडल्या. त्यांतल्या दोघी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

अध्यक्षमहाराज, उद्यापासून प्रयोगशाळेत पवन एकटेच आहेत. माझी जागा भरण्यासाठी मी तीन अर्ज दिले; चौथा तोंडी देते आहे, या सगळ्यांच्या साक्षीनं. शाल दिलीत, मानपत्र दिलंत, मी मनापासून ऋणी आहे. पण दुसरी सही करायला माणूस द्या.

समारंभात हे बोलायला नको होतं असं कुणाला वाटलं असेल, तर आजचं उणं-अधिक आपण पोटात घालावं. मालनबाईंच्या घरी मागितलेली माफी मला अजून मिळालेली नाही. ती देणं न देणं माणिकरावांच्या हाती आहे. नमस्कार.