बाजूची सीट

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टेम्पो दुभाजकावर आदळला. साडेबाराला ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर चालकाची बायको आणि धाकटी बहीण बसल्या होत्या.

"वहिनी, तेव्हा दादा तुझ्याशीच बोलत होता ना?"

"बोलत नव्हते, दाखवत होते."

"काय?"

"बाजूची सीट. मी व्हिडिओ कॉल करते, ते मोबाइल फिरवतात. सीट रिकामी दिसली की मी ठेवते. रोजचंच आहे."

"चालत्या गाडीत?"

"एरवी सिग्नलला थांबल्यावर. आज मीच म्हटलं, आत्ताच्या आत्ता दाखवा."

"एवढी कसली घाई होती गं?"

"बाई हसल्याचा आवाज आला."

"रेडिओ असेल."

"तेही हेच म्हणाले."

"मग दिसलं काय?"

"आधी टपाचा पत्रा दिसला. मग नुसता आवाज."

दार उघडून नर्स बाहेर आली.

"शुद्धीवर आलेत. पाय वाचेल की नाही, उद्या कळेल. सारखा मोबाइल मागताहेत."

बायको उठून उभी राहिली.

"कुणाला लावायचाय?"

"मी विचारलं नाही."

"वन्सं, टेम्पोत आणखी कोण होतं, पोलीस काही बोलले का?"

मोबाइल पोलिसांकडे होता. एक वाजेपर्यंत पंचनामा झालेला नव्हता.