काट्याचं मुसकं

मास्तर, माझा जलम टाकव्याचा. बा तापानं गेला तवा मी आठ-नऊ वर्सांची, अन आई तरणीच हुती, तर भावकीनं तिचा पाट मळवलीला लावून दिला. आमच्यात नवरा मेलेल्या बाईचा पाट लागतो, दुसरं लगीन, पर पोर मागंच र्‍हाती, ती बापाच्या घराची, नव्या घरात तिला कोन घेत न्हाई. मला चुलत्याकडं ठेवलं.

मी काय करायची, कामशेतापातूर पायवाटंनं अन तितनं रुळाच्या कडंकडंनं चालत मळवली गाठायची. पयल्या बारीला आईनं मागल्या दारी भात घातला, डोकं धुतलं, येणी घातली. दुसऱ्या बारीला बी तसंच. तिसऱ्या बारीला तिची नवी सासू वसरीवर येऊन बसली, आईकडं बघत. अन आईनं काय करावं, काय सांगू तुमाला, चुलीतलं लाकूड घेऊन माझ्या पायावर हानलं, म्हनली परत आलीस तर तंगडं मोडीन, मी तुजी कुनी न्हाई. मी परत गेलेच न्हाई. पुढं ती मेली ते बी बाजारात कुनीतरी सांगितलं, तवा दिवस होऊन गेलते.

मग मला हितं सुदुंबऱ्याला दिली. घरात जनावरं लय. कोंबडी बघा, पिल्लं जरा मोठी झाली की आपनच टोचून हाकलती, तिला कुनी सांगाय नगं. शेळीचं करडू पाल्याला लागलं की आईला इसरतं. म्हशीचं तसं न्हाई. रेडकू मोकळं सोडलं तर वरीस वरीस लुचतं, अन ती हुबी र्‍हाती, हाकलत न्हाई. मग रेडकाच्या तोंडाला काट्याचं मुसकं बांधायचं. ते लुचाय गेलं की सडांना काटं टोचत्यात, मग तीच लाथ मारती. मानसाला काय करावं लागत न्हाई.

मालक मागल्या साली वारलं. दीर म्हनला, वयनी, तुमी तरण्या, घरात खानारी तोंडं लय, पाट लावू. मी म्हनलं पोरीला संग न्हेते. तो म्हनला पोर आमची, अन ज्याच्याशी पाट ठरवलाय त्याला बी दुसऱ्याचं पोर नगं. सासऱ्यांच्या पाया पडले, त्यांनी तोंड फिरवलं. माहेर न्हाई, जायाचं कुटं? उद्या मानसं न्यायला येनार.

माझी चंद्री सा वर्सांची. आज सकाळी मी रेडकाला मुसकं बांधत हुते, ती पदर धरून हुबी. म्हशीनं लाथ घातली, रेडकू लांब जाऊन पडलं, उठून पुन्हा तितंच आलं. चंद्री म्हनली, आई, तिचंच हाय की गं ते, मग का मारती? म्हनलं, तिला लय लागतंय, म्हून मारती. अन म्हनता म्हनता माझी आई माझ्यापुढं हुबी र्‍हायली. इतकी वर्सं मी तिला शिव्याच देत आले हो.

चंद्रीला मी जायाच्या गावाचं नाव सांगितलं न्हाई, वाट बी दावली न्हाई. सांगितली तर ती येनार, माझीच पोर हाय, येनार म्हंजी येनार, अन मग मला बी लाकूड उचलावं लागंल. बाजाराला जाते म्हनून निघनार हाय. देव तिला सुखात ठेवो. तुमी हे समदं लिवून घेताय, लिवा, पर मास्तर, त्या गावाचं नाव तेवढं लिवू नगा. पोर उद्या तुमच्या साळंत वाचाय शिकंल.